संबंधानंतर आग होते, चिरा पडतात? आधी रक्तातली साखर तपासून घ्या

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तुम्ही बाई असून तुम्हाला असलं लिहितोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. माझं वय ३६. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. गेल्या चार-पाच महिन्यांपासून बायकोशी संबंध आला की त्या रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगाचा पुढचा भाग लाल होतो, चुरचुरतो. पुढच्या कातडीच्या कडेला बारीक चिरा पडतात, लघवी लागली की आग होते. तीन-चार दिवसांत कमी येतं, पुन्हा संबंध आला की पुन्हा तेच. आता तर कातडी मागं घेतानाही दुखतं. रोज साबणानं धुतो, पाण्यात अँटिसेप्टिक टाकतो. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तिनं दोन दिवस बरं वाटलं, नंतर जास्तच झालं. मित्र म्हणाला गरमी असेल. मी बाहेर कधी गेलेलो नाही, देवाशपथ सांगतो. मग हे बायकोकडून आलं का? तिलाही मधनं मधनं खाज असते, अंगावरून पांढरं जातं. पण विचारायचं कसं? उलट तीच मला विचारते, तुम्ही हल्ली लांब का झोपता. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, त्यामुळं झोपही नीट नाही. वडिलांना शुगर होती. हा कुठला रोग आहे आणि बायकोला कळू न देता बरा होईल का, एवढं सांगा.

एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

माफी मागायचं काहीच कारण नाही. त्वचारोग आणि गुप्तरोग हे एकाच डॉक्टरचं काम असतं, आणि ही तक्रार घेऊन येणारे पुरुष मला नवीन नाहीत. त्यातले बरेच जण आधी हातावरचा एखादा डाग दाखवतात, त्याचं औषध लिहून घेतात, उठून दारापर्यंत जातात आणि मग वळून म्हणतात, "अजून एक होतं, मॅडम." तुम्ही सगळं सरळ लिहिलंत, त्यामुळे मलाही सरळ उत्तर देता येतंय.

तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं आणि वडिलांना शुगर होती. पुढच्या कातडीला वारंवार पडणाऱ्या चिरांच्या शेजारी या दोन गोष्टी ठेवल्या की मला तुमची बायको आठवत नाही, मित्रानं सांगितलेली गरमी, म्हणजे सिफिलिस हा लैंगिक आजार, तोही आठवत नाही. मला आठवते ती तुमच्या रक्तातली साखर. उद्या सकाळी काही न खाता लॅबमध्ये जा. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी), एवढ्या तीन तपासण्या करून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा त्याच्या वर आली, तर रिपोर्ट घेऊन त्याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. ते गरजेप्रमाणे पुन्हा तपासून निदान पक्कं करतील. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात भारतातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचं दिसलं. आपल्याला मधुमेह आहे हे त्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं. पुरुषाला तो पहिल्यांदा लक्षात येतो तो कधी कधी असाच, पुढच्या कातडीच्या चिरांवरून.

साखरेचा आणि चिरांचा संबंध समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. कॅन्डिडा नावाची एक बुरशी आहे. ती बऱ्याच निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, बायकांच्या योनीमार्गात अगदी थोड्या प्रमाणात राहते आणि काही त्रास देत नाही. तिला ऊब, ओल आणि साखर मिळाली की ती वाढते. पुढची कातडी शाबूत असलेल्या पुरुषाच्या कातडीखाली ऊब आणि ओल कायमच असते. मधुमेहात लघवीतून साखर जायला लागते, लघवी झाल्यावर एखादा थेंब आत राहतो, आणि तिसरी गोष्टही मिळते. शिवाय साखर वाढलेल्या शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते.

अशा वेळी डॉक्टरला काय दिसतं तेही सांगते, तुम्ही स्वतः चांगल्या उजेडात बघू शकता. सुपारी, म्हणजे लिंगाचा पुढचा गोल भाग, लालसर आणि चकचकीत झालेली असते. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतात. सुपारीच्या मागच्या खाचेत ओलसर पांढरा थर साचलेला असतो, तो पुसला तर निघतो आणि खालची कातडी ओली, लाल दिसते. पुढच्या कातडीच्या तोंडाशी गोलाकार सगळीकडून बारीक उभ्या चिरा असतात, कातडी ताणली की त्यातल्या एखाद्या चिरेतून रक्ताचा थेंब येतो. या चिरा भरतात, पुन्हा फाटतात, पुन्हा भरतात. प्रत्येक वेळी भरताना कडा थोडी पांढरट, जाडसर होते आणि तोंड हळूहळू अरुंद व्हायला लागतं. कातडी मागं घेताना दुखतं असं तुम्ही लिहिलंय, ते या वाटेवरचंच लक्षण आहे. म्हणूनच मी घाई करायला सांगतेय.

मग हा त्रास संबंधानंतरच का होतो? आधीच सुजलेल्या, कोरड्या कातडीवर घर्षण होतं आणि ती फाटते, हे एक. दुसरं असं, की बायकोला खाज आणि पांढरं जाणं आहे म्हणजे तिलाही बहुधा याच बुरशीचा त्रास आहे. तुमची कातडी जरा बरी होते तोवर पुन्हा तिकडची बुरशी मिळते, आणि तुमच्याकडची तिला मिळते. काही पुरुषांच्या बाबतीत तर त्यांना स्वतःला बुरशीची लागण नसतेच. बायकोच्या योनीतल्या बुरशीचीच त्यांच्या कातडीला रिअॅक्शन येते, संबंध झाल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत लाली आणि खाज सुटते आणि थोड्या वेळानं आपोआप ओसरते. अशा पुरुषाला कितीही ट्यूबा लावल्या तरी उपयोग होत नाही, बायकोवर उपचार केले की त्याला आराम पडतो.

आता तुम्ही विचारलंय, हे बायकोकडून आलं का. कॅन्डिडा हा बाहेरख्यालीपणाचा पुरावा नाही. ज्या बाईनं आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध ठेवला तिलाही तो होतो, अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर होतो, गरोदरपणात होतो, साखर वाढली की होतो. कधी कधी लग्न न झालेल्या मुलीलाही होतो. म्हणून डॉक्टरी शास्त्रात त्याला लैंगिक आजारांच्या रांगेत बसवत नाहीत. कोणाकडून कोणाला गेला हे कुठल्याही तपासणीत कळत नाही, आणि कळून उपचारात काही फरकही पडत नाही. या एका गैरसमजापायी नवरा-बायकोत महिनोन्महिने अबोला धरलेला मी पाहिलाय. बायका माहेरी निघून गेलेल्या पाहिल्यात. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका.

पत्रावरून मला कॅन्डिडाच सगळ्यात जास्त संभवतो. पण मी तुम्हाला तपासलेलं नाही आणि अशी आग व्हायला इतरही कारणं असतात. हा मजकूर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला त्यातलंच एखादं लागू पडेल, म्हणून तीही सांगते. त्यांतला फरक ओळखायला सगळ्यात जास्त मदत होते ती वेळेची. त्रास संबंध चालू असतानाच सुरू झाला, काही तासांनी, की काही दिवसांनी?

चालू असताना किंवा लगेच आग झाली तर बहुतेक वेळा कारण घर्षणाचं असतं. घाई, अपुरा ओलावा, दमून भागून आल्यावर उरकून टाकलेला संबंध. अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि पाळी जायच्या वयातल्या बाईला योनीमार्ग कोरडा पडतो, तो तिचा दोष नसतो. सुपारीवरची आणि कातडीच्या आतल्या बाजूची त्वचा ओठाच्या आतल्या त्वचेसारखी नाजूक असते, कोरडेपणात ती सोलवटणारच. सुपारीच्या खालच्या बाजूला कातडीला जोडणारा जो दोरा असतो, तो आखूड असेल तर ताणून फाटतो आणि घाबरायला होईल इतकं रक्त येतं. स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरलं की ते सहसा थांबतं. पण तिथंच पुन्हा पुन्हा फाटत असेल तर सर्जनला दाखवावं.

निरोधमुळेही आग होते. त्यातलं रबर, म्हणजे लॅटेक्स, काही जणांना सोसत नाही. फुगा फुगवल्यावर ओठ सुजतात का, रबरी हातमोजे घातल्यावर हात खाजतात का, हे आठवून बघा. उत्तर हो असेल तर लॅटेक्स नसलेले निरोध वापरायचे. कधी रबर निर्दोष असतं आणि वरचा वास-चव, जंतुनाशक किंवा शुक्राणूनाशक लेप बाधतो. जास्त वेळ टिकण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या निरोधात आतून बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध लावलेलं असतं, तशा फवाऱ्यांमध्ये लिडोकेन असतं. या औषधांची अॅलर्जी मी बरीच बघते, आणि ती ओळखणं अवघड जातं, कारण असं काही वापरतो हे सांगायला पुरुष लाजतात. कृपा करून सांगत जा. ओलाव्यासाठी खोबरेल तेल घरोघरी वापरतात, ते कातडीला सहसा त्रास देत नाही. पण निरोधबरोबर तेल कधीच वापरू नका, तेलानं लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. निरोध असेल तर पाण्यात विरघळणारी, बिनवासाची जेलच घ्यावी.

तुम्ही फौंड्रीत आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. साच्याच्या वाळूत मिसळलेली रेझिन, मशीन शॉपमधलं कूलंट, ऑइल हे हातावर राहतं. लघवी करून आल्यावर हात धुवायची सवय बहुतेकांना असते, जायच्या आधी धुवायची नसते. कारखान्यात काम करणाऱ्यानं आधीच धुवायला हवेत, कारण हातावरचं रसायन थेट त्या नाजूक कातडीवर जातं. घरातही हेच. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात, मिरच्या कांडून आणतात, चटणी कालवतात. त्या हातांचा तिखटपणा साबणानं एकदा धुऊन जात नाही आणि त्या रात्री दोघांचीही आग आग होते.

एक कारण असं आहे की जे रुग्णाच्या डोक्यात तर येतच नाही, पण पुष्कळदा डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं. सुपारीवर एकाच जागी गोल, जांभळट लाल चट्टा उठतो, आग होते, कधी त्यावर फोड येऊन साल निघते. आठ-दहा दिवसांत बरा होतो, पण काळा डाग मागे राहतो. काही महिन्यांनी पुन्हा बरोबर त्याच जागी, त्याच आकाराचा. माणूस याचा संबंध शेवटच्या संभोगाशी जोडतो आणि झुरत बसतो. हा असतो गोळीचा परिणाम. जुलाबासाठी घेतलेली नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची गोळी, अंगदुखीची आयबुप्रोफेन, को-ट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लीन, आणि गंमत नाही, खुद्द बुरशीसाठी दिलेली फ्लुकोनाझोलसुद्धा हा चट्टा उठवू शकते. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासात ते दिवसभरात तो उठतो. त्यामुळे असा डाग असेल तर चट्टा उठायच्या आधीच्या चोवीस तासांत कुठली गोळी घेतली होती ते आठवा आणि तिचं नाव कागदावर लिहून कायम पाकिटात ठेवा.

संबंधानंतर काही दिवसांनी सुरू होणाऱ्या त्रासाकडे मात्र मी वेगळ्या नजरेनं बघते. दोन ते पाच दिवसांत लघवीच्या जागेतून पू आणि लघवीला कडक आग, तर परमा, म्हणजे गोनोरिया. असाच पण सौम्य, पातळ स्राव एक ते तीन आठवड्यांनी, तर क्लॅमिडिया हा दुसरा जंतुसंसर्ग. दोन ते बारा दिवसांत बारीक पाणीदार फोडांचा पुंजका, जो फुटून खूप दुखतो, तो हर्पीस. आणि तुमच्या मित्रानं सांगितलेली गरमी, म्हणजे सिफिलिस, साधारण तीन आठवड्यांनी एक टणक जखम घेऊन येते, आणि ती दुखत नाही. हे नीट ध्यानात ठेवा: आग होणारी गोष्ट सहसा गरमी नसते, आणि न दुखणारी जखम कधीही दुर्लक्षू नये. हर्पीसबद्दल एवढंच, की त्याचा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज फोड आले म्हणजे लागण कालच झाली असं नसतं, त्यामुळे त्यावरूनही कोणावर आळ घेता येत नाही.

खरूज आणि नायटा हे दोघेही याच भागात त्रास देतात, पण त्यांची खाज संबंधाशी बांधलेली नसते. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात पुटकुळ्या असतात आणि घरात आणखी कोणीतरी खाजवत असतं. नायट्याची गोल कड जांघेत दिसते.

आता तुम्ही जे उपाय करताय त्याबद्दल. अँटिसेप्टिक आजपासून बंद. साबणही त्या जागेला लावायचा नाही. साबण क्षारयुक्त असतो, कातडीचा स्वभाव किंचित आम्ल. रोज साबणानं घासलं की वरचा तेलकट थर जातो, कातडी कोरडी पडते, तिला चिरा जातात, मग अजून अस्वच्छ असेल असं वाटून माणूस अजून घासतो. माझ्याकडे येणाऱ्या या तक्रारीतले कितीतरी जण अस्वच्छतेनं नाही, अति स्वच्छतेनं आजारी असतात. त्यात तुरटी, लिंबाचा रस, कडुलिंबाचा काढा हे लावून आलेले असतात. बिब्बा लावून आलेलेही असतात, आणि बिब्ब्यानं भाजलेली ही जागा बरी व्हायला फार दिवस लागतात. तुम्ही फक्त कोमट पाणी वापरा. दिवसातून एकदा कातडी जेवढी न दुखता मागे जाईल तेवढीच घ्या, पाण्यानं धुवा, मऊ कापडानं टिपून कोरडी करा, आणि कातडी आठवणीनं पुढे आणा. ती मागे तशीच राहिली तर सूज येऊन अडकते. संबंधानंतरही एवढंच करायचं.

आणि ती ट्यूब. दुकानात "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की बहुतेक वेळा जी मिळते तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. स्टेरॉइडनं दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून तुम्हाला बरं वाटलं. बुरशी मात्र तिथंच राहते आणि मोकाट वाढते, म्हणून नंतर जास्त झालं. जांघेची आणि वृषणाची कातडी औषध फार शोषून घेते. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडवर १९६७ मध्ये केलेल्या मोजमापात वृषणाच्या कातडीनं हाताच्या आतल्या बाजूपेक्षा ४२ पट औषध शोषलेलं आढळलं होतं. हातावर निरुपद्रवी असलेली ट्यूब तिथं महिनाभर लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, नुसत्या वाऱ्यानंही आग होते. आपल्याकडे नायटा गेल्या काही वर्षांत इतका चिवट झाला आहे, त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. कडक स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला, तरी ती काउंटरवर मिळतात. याचा मला मनापासून राग येतो. उलट बाजूही सांगते: पुढची कातडी पांढरी पडून, आवळत जाणारा लायकेन स्क्लेरोसस नावाचा एक आजार आहे. त्यात हेच कडक स्टेरॉइड डॉक्टरच्या देखरेखीखाली आम्ही स्वतः देतो आणि त्यानं बऱ्याचदा ऑपरेशन टळतं. फरक औषधात नाही, आधी निदान झालं की नाही यात आहे.

उपचार फार मोठे नाहीत. कॅन्डिडाच असेल तर क्लोट्रिमाझोल १ टक्का, नुसतं, दुसरं काही न मिसळलेलं मलम दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे. गरज वाटली तर डॉक्टर फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतील. बायकोला योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी किंवा फ्लुकोनाझोलची पोटातून घ्यायची गोळी. ती गरोदर असेल, तशी शंका असेल, तर पोटातली गोळी घ्यायची नाही, हे आधी सांगा. दोघांचे उपचार एकाच आठवड्यात झाले पाहिजेत, आणि चिरा पूर्ण भरून येईपर्यंत संबंध नको. साधारण आठ-दहा दिवस धरा. योनीत ठेवायच्या गोळ्यांनी आणि मलमांनी निरोध कमकुवत होतो, त्यामुळे त्या दिवसांत निरोधच्या भरवशावरही राहू नका.

साखर जास्त निघाली तर तिची औषधं सुरू होतील. त्या डॉक्टरांना ही तक्रार नक्की सांगा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या हल्ली बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. औषधं म्हणून त्या चांगल्या आहेत, पण त्यांच्यामुळे याच जागी बुरशी वाढू शकते. तुमचं ऐकून ते दुसरी गोळी निवडतील किंवा ही देताना काळजी कशी घ्यायची ते सांगतील. साखर ताब्यात आली नाही तर वर लिहिलेल्या सगळ्या मलमांचा गुण तेवढ्यापुरताच येईल.

बायकोला कळू न देता बरा होईल का, याचं उत्तर नाही असं आहे. तिला खाज आहे, ती ती एकटी सोसतेय. तुम्ही लांब झोपताय, त्याचा अर्थ ती काय लावत असेल याचा विचार करा. मोठं काही बोलायची गरज नाही. "मला तिथं आग होते, चिरा पडतात, म्हणून जवळ येत नव्हतो. तुलाही खाज असते ना? डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय, शुगरही तपासायला सांगितलीय." एवढं पुरे आहे. मुलं झोपल्यावर, दिवा मालवायच्या आधी सांगा. तिनं विचारलं की हे कशानं झालं, तर बुरशीनं झालं आणि ती कोणालाही होते असं सांगा, ते खरंच आहे. तिची साखरही त्याच सकाळी तपासून घ्या.

खासगी डॉक्टरकडे जायचं तर पाटीवर त्वचारोगतज्ज्ञ अशी पदवी बघून जा. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती असलेल्या गुप्तरोगवाल्यांकडे जाऊ नका, तिथं भीती वाढवून पैसे काढतात. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, जा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत या तक्रारींसाठी "सुरक्षा क्लिनिक" असतं, तिथं तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत मिळतात, आणि नवरा-बायकोनं एकत्र आलेलं त्यांना हवंच असतं. १०९७ या मोफत हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

तुम्ही बाहेर गेलेलो नाही असं लिहिलंय आणि मी ते खरं मानते. पण हे वाचणाऱ्या ज्यांच्या बाबतीत तसं नसेल त्यांनी डॉक्टरपाशी लपवू नये. एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी करावी, आणि पहिली निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी, केंद्रात ती मोफत होते. २०१७ च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि तिचा निकाल परस्पर कोणाला सांगता येत नाही.

काही वेळा आठवडाभर मलम लावून वाट बघायची नसते. मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल आणि सुपारी सुजत असेल तर त्याच रात्री, अर्ध्या तासाचाही विचार न करता, सर्जरी विभाग असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा. साखर जास्त असलेल्या माणसाला वृषणाच्या किंवा गुदद्वाराच्या आसपास खूप दुखायला लागलं, ताप आला, कातडी काळी-निळी पडायला लागली, तर तीही त्याच तासाची धावपळ आहे, तिथं जिवाचा प्रश्न असतो. लघवी अडली, पू आला, फोड आले, न दुखणारी जखम दिसली, तर दोन दिवसांच्या आत दाखवा. आणि सुपारीवरचा एखादा लाल मखमली चट्टा किंवा जखम उपचार करूनही तीन-चार आठवड्यांत हटत नसेल, तर छोटा तुकडा काढून तपासून घ्यायला नाही म्हणू नका. क्वचित तिथं कॅन्सरची सुरुवात असते, आणि त्या टप्प्यावर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

दोन आठवड्यांनी काय होईल तेही सांगून ठेवते. कातडी न दुखता मागे-पुढे व्हायला लागली, चिरा भरल्या, बायकोची खाज थांबली, तर पुन्हा संबंध सुरू करायला हरकत नाही. पहिले काही दिवस बिनवासाची जेल वापरा. साखर नॉर्मल आली आणि तरीही महिन्या-दोन महिन्यांत चिरा परत पडल्या, तर डॉक्टर कातडीचा स्वाब घेतील, लायकेन स्क्लेरोसस आहे का बघतील, गरज पडली तर निरोध, जेल, रबर यांची पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर थोडं लावून अॅलर्जी बघायची तपासणी, करतील. कातडीचं तोंड फारच आवळलं असेल तर सुंता करायचा सल्लाही देतील. ऑपरेशन लहान असतं आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. जखम भरेपर्यंत चार ते सहा आठवडे संबंध टाळायचा, आणि फौंड्रीतलं उष्णतेचं, जड उचलायचं काम किती दिवस बंद ठेवायचं ते सर्जनला विचारून त्याप्रमाणे रजा टाकायची.